आगीला डावी

देवीला उजवी घालतात.
आगीला डावी.

हे मला बाळगोंडानं शिकवलं, पहिल्याच महिन्यात,
स्टेशनमागच्या अडगळीच्या खोलीत, डोळ्यांवर फडकं बांधून :
दारातनं शिरलास की उजवा हात भिंतीला.
भिंत सोडायची न्हाई. खोली सगळी डाव्या अंगाला.
फिरत गेलास की दार आपसूक येतंय.
मधनंच परतायचं झालं तर हात बदल.
हात चुकला की खोली चुकली,
आणि मग तुला हुडकायला मला यावं लागतंय, भावा.

लक्ष्मीपुरीतली वर्दी रात्री एक चाळीसची.
बोळ इतका अरुंद की बंब तोंडाशीच अडला,
पाइप खांद्यावरून नेले.
तळाला चपलांचं गोदाम. कातडं, रबर, सोल्यूशनचे डबे.
कातडं जळतं तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत.

कुणी म्हणालं वर दोघं आहेत. कुणी म्हणालं चौघं.
कुणी मोबाईल धरून नुसतंच उभं.
इंगवले साहेब गर्दीत एकच विचारत फिरत होते,
नाव काय? आत आहे त्याचं नाव काय?
शेवटी पानपट्टीवाला नदाफ पुढं आला :
"टिल्ली. बा माल घिऊन निपाणीला गेलाय.
आई केटरिंगच्या कामावर. पोरगी एकलीच हाय."

दुसरा मजला. दाराला पालथा हात,
वरून खाली, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.
तळवा नाही लावायचा. तळव्याला पुढं काम असतं.
दार कोमट होतं.
आत गेलो आणि मागं लोटून घेतलं, आगीला वाट नको.

धुरात उभं राहायचं नसतं.
गुडघ्यांवर मी, माझा बूट धरून बाळगोंडा.
डोळे उघडे, ते नुसते सवयीनं.
उजव्या हाताला भिंत. भिंत. कपाट.
कॅलेंडर, खिळा, पुन्हा भिंत.
डाव्या हातात कुऱ्हाडीचा दांडा, तो जमिनीवर फिरवत :
बादली. उशी. शिवणयंत्राचं पायडल.
कॉटखाली खोकी. नुसती खोकी.

"टिल्लीऽ!"

मोठी माणसं दाराकडं पळतात.
पोरं आपल्यापासून लपतात.
आणि का लपू नयेत?
काचेचं तोंड, पाठीवर टाकी,
भात्यासारखा श्वास. मीसुद्धा लपलो असतो.

हाक मारली की श्वास धरायचा. ऐकायचं.
खाली काहीतरी फुटत होतं. पाणी पत्र्यावर पडत होतं.
पुन्हा हाक. पुन्हा श्वास धरला.
काही नाही.
बाळगोंडानं बूट ओढला, पुढं चल.
मी हात उचललाच होता,

कर्र.

इतकंच.
नवं कातडं वाजतं तसं, एकदा.

खोकी बाजूला सारली.
मागं, भिंतीच्या कोपऱ्यात, ती.
पायांत बापाची करकरती चप्पल,
तिच्या पायाच्या दुप्पट.

सिनेमात आपला मास्क काढून देतात.
आम्हाला शिकवलंय, काढायचा नाही,
दोघं पडले तर उचलणार कोण.
तिचं तोंड जमिनीलगत ठेवलं, छातीखाली घेतलं,
डावा हात भिंतीला.
खिळा. कॅलेंडर. कपाट.
शिट्टी वाजायला लागली होती, टाकीतली हवा संपत आल्याची.
भिंत. भिंत. आणि मग चौकट,
सुतारानं कुठल्या साली बसवलेली, देव त्याचं भलं करो.

सीपीआरला नेताना ती खोकली,
आणि मी पहिल्यांदा खाली बसलो.
नोंदवहीत नावाच्या रकान्यात साहेबांनी लिहिलं :
टिल्ली. वय अंदाजे सहा. पुढचं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

महिन्याभरानं तिचा बाप स्टेशनला आला.
जास्त बोलला नाही. कागदावर माझा पाय ठेवायला लावला,
पेन्सिल फिरवली आणि गेला.
पंधरवड्यानं जोड आला. दोन नंबरी शिलाई, जाड टाच,
चाललं की सगळ्या आवाराला कळतं.

बाळगोंडा बंब पुसत होता.
मान वर न करता म्हणाला,
बरं झालं. आता चुकलास तर लगेच घावशील.